आषाढातलं सरपण

गोमाबाबांनी पडवीतल्या सरपणातून एक लाकूड उपसलं, अंगठ्याच्या नखानं त्याची साल खरवडली, दुसऱ्या लाकडावर आपटून आवाज ऐकला आणि म्हणाले, "चांगलं वाळलंय. हेच लागंल."

"किती लागंल?" माझ्या थोरल्या दिरांनी विचारलं.

"पावसाचं दिवस. घरटी दोन-दोन लाकडं येतील, पर ती ओली. खालचा थर आन मधला असाच वाळला पायजे. निम्म्याच्या वर जाईल ह्यातलं. जास्तच."

मी आतल्या दारात उभी होते. मंजुळी काखेत होती, तीन महिन्यांची. माझ्या मागं, चुलीच्या पलीकडं, आत्यांना लुगडं पांघरून ठेवलं होतं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, चिमाबाई. उजाडता उजाडता त्या गेल्या होत्या.

गोमाबाबा वाडीतले जुने माणूस, मरणाधरणाचं सगळं तेच बघायचे. माझे थोरले दीर सखारामदादा तालुक्याच्या बाजारात हमाली करायचे. आत्यांचं जास्त झाल्याचा निरोप आदल्या रात्री मिळाला, तसे पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघाले आणि फाट्यापासून दोन तास भिजत चालत आले. आईचं तोंड बघितलं, बाहेर येऊन बसले, ते अजून ओल्या सदऱ्यातच होते. माझ्या नवऱ्याचं नाव भिवा, पण मला नाव घ्यायची सवय नाही, मी 'हे'च म्हणते. हे भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते. वाडीतले आणखी चार-पाच जण घोंगड्या घेऊन पडवीच्या कडेला टेकले होते. पाऊस आठ दिवस उघडला नव्हता.

आमच्या वाडीत तेव्हा पुरायचेही आणि जाळायचेही. जुन्या काळी सगळ्यांना पुरायचेच. मग खालच्या गावांचं बघून जाळायला लागले, आणि जाळणं मानाचं झालं. पावसात कुणी गेलं तर मात्र बहुतेकदा पुरायचे, कारण वाळलं सरपण आणायचं कुठून? ज्याच्या पडवीत असेल त्यानं आपलं माणूस जाळावं. आणि त्या आषाढात अख्ख्या वाडीत आमच्याइतकं सरपण कुणाकडं नव्हतं. पडवीची एक बाजू खालपासून आढ्यापर्यंत भरलेली होती.

ते सरपण आत्यांनी घातलं होतं.

त्याच्या आदल्या पावसात आमचं सरपण श्रावणातच संपलं होतं. ओली लाकडं चुलीत घालायची, फुंकून फुंकून डोळे सुजायचे, आणि शेवटी नाचणीची भाकर अर्धी कच्ची निघायची. मला तेव्हा दिवस गेले होते. धुरानं पोटातलं सगळं उलटून पडायचं. गोठ्याचं दार जाळलं, मग मोडकी बाज जाळली. पोळ्याला नैवेद्याचा भात शेजारणीच्या चुलीवर शिजवून आणला. आत्यांना त्याचं फार लागलं. त्या म्हणाल्या, "फुडच्या साली पडवी भरल्याबिगर मी मिरगाचं पानी बघायची न्हाई."

आमच्याकडं उन्हाळ्यात पाण्याची वणवण आणि पावसात सरपणाची. पण पावसातल्या सरपणाची सोय उन्हाळ्यातच करावी लागते, तेव्हा बाईला उन्हाळ्यात दोन्ही ओढावं लागतं. झरा खालच्या घळीत. वाटीवाटीनं हंडा भरायचा, दोनदा उतरायचं, दोनदा चढायचं. रान वरच्या अंगाला, दीड तासावर. आठव्या महिन्यापर्यंत मी आत्यांबरोबर रानात जात होते. पाडव्यानंतर मंजुळी झाली आणि मी घरात बसले. तिथून पुढं सगळं आत्यांवर आलं. पहाटे पाणी, मग रान, दुपार कलताना मोळी घेऊन परत, संध्याकाळी पुन्हा पाणी. मधे एकदा जंगलखात्याच्या गार्डनं त्यांचा कोयता काढून घेतला. बाजारातून दुसरा येईपर्यंत आठ दिवस त्यांनी दगडानं फांद्या तोडल्या.

मी एकदा म्हणाले, "आत्या, रोज रोज नका जाऊ."

"तू पोरीला बघ," त्या म्हणाल्या. "पावसात हिची फडकी कशावर वाळवणारेस? हिला न्हाऊ कशावर घालणारेस?"

मोळी टाकली की त्या लगेच सरळ उभ्या राहत नसत. पडवीच्या खांबाला हात लावून, कमरेत वाकून तशाच थांबायच्या. मला ते दिसायचं. पण मी ओली बाळंतीण, रात्र रात्र पोर रडायची, आणि खरं सांगायचं तर कुणीतरी आपल्या वाटचं ओढतंय ह्यानं मला बरं वाटायचं. बाराव्या दिवसानंतर मी पाण्याला जायला लागले. रानात मात्र त्यांनी मला पाऊस पडेपर्यंत पाठवलं नाही.

ज्येष्ठात त्यांना खोकला लागला. मिरगाचा पाऊस झाला आणि ताप आला. नर्सबाई येऊन गोळ्या देऊन गेली, तालुक्याला न्या म्हणाली. ह्यांनी दोन माणसं आणि डोली तयार केली, तर ओढ्याला पूर. दुसऱ्या दिवशी पूर उतरला तेव्हा आत्याच नको म्हणाल्या. ताप असूनही त्यांना थंडी वाजायची. घोंगडी घातली तरी वाजायची. चुलीजवळच निजायच्या. मी चूल रांधण्यापुरती पेटवायची आणि भाकरी झाली की लाकडं ओढून विझवून ठेवायची. ही सवय त्यांनीच मला लावलेली. चूल विझवली की त्या हात पुढं करून गरम राखेवर धरायच्या.

शेवटच्या दोन दिवसांत हे लावणीला जायचे. घरात आत्या, मी आणि मंजुळी. आत्या थोडंथोडं बोलायच्या. पोरीला माझ्याजवळ निजव म्हणाल्या, पण त्यांच्या खोकल्यामुळं मी नाही निजवलं. आणखीही बोलल्या.

तर त्या सकाळी सखारामदादा उठले आणि म्हणाले, "चला. काढा लाकडं."

दोन जण उठले. एकानं वरच्या थरातली दोन लाकडं ओढली, तशी बाजूची चार घरंगळत खाली आली. ती माझ्या पायाशी आली. मी त्यांच्याकडं बघितलं. ऐनाची होती, मनगटाएवढी, सारख्या मापात तोडलेली.

मी म्हणाले, "आत्या म्हणाल्या होत्या, मला पुरा."

सगळे थांबले. बायकांनी अशा वेळी बोलायची आमच्यात पद्धत नव्हती.

दादा म्हणाले, "काय म्हणाल्या?"

"मला पुरा म्हणाल्या. लाकडं जाळू नका म्हणाल्या. घरात ल्हान पोर हाय, चार महिने पाऊस हाय."

"कधी म्हणाल्या?"

"परवा. हे लावणीला गेलं होतं तवा."

"म्हणजे तुझ्या एकटीफुडं."

"व्हय."

दादा माझ्याकडं बघत राहिले. त्यांचे डोळे लाल झाले होते. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते हळूच म्हणाले, "तुळसा, तिनं उभा जन्म लाकडं वाहिली. जंगलखात्याच्या शिव्या खाल्ल्या. आणि तिच्या वाटंला चार लाकडं नाहीत? मी तिला मातीत घालून गावात तोंड दाखवू?"

"त्या म्हणाल्या ते मी सांगितलं, दादा."

"आई तसं म्हणेल, असं मला वाटत नाही."

गोमाबाबा मधे पडले. "सखाराम, मरणाऱ्या मानसाचा शबूद हाय. तो मोडायचा कसा?"

"शब्द असला तर ना." दादांनी मंजुळीकडं बघितलं. "पोरीच्या डोक्यावर हात ठेव आणि सांग."

तेव्हा हे पहिल्यांदा बोलले. खाली बघूनच म्हणाले, "दादा, पोरीला मधी आनू नका."

"मग मी काय धरून विश्वास ठेवू?"

पाऊस पत्र्यावर वाजत होता. मंजुळी जागी होती, पदराचं टोक चोखत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. टाळू अजून भरली नव्हती, हाताखाली धडधडत होती. मी म्हणाले, "आत्या म्हणाल्या, मला पुरा. पोरीची शप्पथ."

गोमाबाबांनी हातातलं लाकूड परत जागेवर ठेवलं. "बाई पोरीची शप्पथ घेती," ते म्हणाले. "आता फुडं बोलायचं न्हाई. कुदळी घ्या."

आत्यांना न्हाऊ घालायला शेजारच्या दोघी आल्या. मी चूल पेटवली. वाळली लाकडं, एका काडीत पेटली. मी हंडाभर पाणी कडकडीत तापवलं, इतकं की एक जण म्हणाली, "आगं तुळसा, येवढं कशाला? विसन घाल." मी विसण घातलं, पण थोडंच.

ओढ्यापलीकडच्या माळावर खड्डा खणायला घेतला. तासाभरानं एक जण धावत आला आणि भांडं मागायला लागला. खड्ड्यात पाणी भरत होतं. माझ्याकडं पाण्याची एकच कळशी होती, ती दिली. मग मागाहून तिरडी निघाली. बायका ओढ्यापर्यंत गेल्या आणि परतल्या. पोर ओली होईल म्हणून मी दारातूनच बघितलं.

दुपारनंतर माणसं परत आली. दादांनी कळशी पडवीत ठेवली. आतून बाहेरून चिखलानं भरली होती.

"उपसून उपसून हात भरून आले," ते म्हणाले. "तरी तिला ठेवलं तेव्हा घोटाभर पाणी होतंच."

मी कळशी पावसात धरून धुतली.

दादा जेवले नाहीत. कोरडे कपडे दिले ते घातले नाहीत. तसेच फाट्याकडं गेले. दहाव्याला आले, कार्य करून गेले, आणि पुढं एकोणीस वर्षं आमच्या घरात पाणी प्यायले नाहीत. मंजुळीच्या लग्नाला आले तेव्हा पंगतीत बसले. त्यानंतर येऊन-जाऊन असायचे, पण माझ्याशी नजर मिळवून कधी बोलले नाहीत. आता ते नाहीत.

आत्या मला काय म्हणाल्या होत्या ते मी आजवर एकाच माणसाला सांगितलंय.

त्या गेल्या त्याच्या दोन दिवस आधीची दुपार होती. मी भाकरी केल्या आणि चुलीतली लाकडं मागं ओढली. आत्यांनी हात पुढं केले. राखेवर धरले. मग म्हणाल्या, "तुळसा, मी गेले की मला जाळा. मातीत नगं. खाली लई ओल आसंल." मी हूं म्हणाले. त्या म्हणाल्या, "वाळली लाकडं लाव. म्या आनलेली. ऐनाची हायेत, चांगला जाळ धरत्यात. मला येकदा सगळीकडून ऊब लागू दे." मी परत हूं म्हणाले. त्या वेळी मी पडवीकडं बघितलं आणि मनात मोजलं, किती जातील आणि किती उरतील. त्या जिवंत होत्या, माझ्यासमोर बोलत होत्या, आणि मी मोजत होते. पोर रडायला लागली म्हणून मी उठले.

एवढंच. मला त्यांचा राग नव्हता. त्यांनी मला कधी छळलं नाही. मी दमले होते. आदल्या साली फुंकणी धरून बसलेले दिवस माझ्या छातीत अजून होते, आणि पोरीची फडकी वाळायला टोपलीखाली निखारे लागत होते, ते मला दिसत होतं. दुसरं काही दिसत नव्हतं. दादा पोरीची शपथ घे म्हणाले तेव्हासुद्धा मला वाटलं, हिच्यासाठीच तर करतेय.

शपथेची भीती नंतर बसली. मंजुळी शिंकली तरी मी तिच्या अंगाला हात लावून बघायची. श्रावणात तिला दोन दिवस ताप आला. मी चूल विझवलीच नाही, सारखी लाकडं सारत होते, आणि देवाला काही म्हणायला तोंड उघडायचं तर शब्द सुचत नव्हते. ताप उतरला. सरपण दसऱ्यापर्यंत पुरलं. वाडीत दुसऱ्या कुणाकडं पुरलं नाही. बायका म्हणायच्या, चिमाबाईनं मरतानासुद्धा सुनेचा विचार केला, अशी सासू मिळायला भाग्य लागतं. मी मान हलवायची. माळावरनं सरपणाला जाताना सगळ्या आत्यांना पुरलं तिथं क्षणभर थांबायच्या, एखादी फांदी ठेवायच्या. मीही ठेवायची.

पुढं मंजुळी शाळेत गेली, लग्न झालं, तिला दोन मुलं झाली. वाडीत नळ आला, मग घरात गॅस आला. सिलिंडर महाग पडतो तेव्हा मी अजूनही चूल पेटवते. रानात मात्र आता जाववत नाही, बांधावरच्या काटक्या आणते.

ह्यांना मागच्या पावसाळ्यात दम्यानं धरलं. आठ दिवस दवाखान्यात होते, मग घरी आणलं. मंजुळी माहेरपणाला आली होती. एके दिवशी दुपारी पाऊस थांबला होता, म्हणून मी ह्यांना पडवीत खाटेवर बसवलं आणि खाली पाय चेपत बसले. हे बराच वेळ माळाकडं बघत होते.

म्हणाले, "माझं काय करायचं ते तुमच्या सोयीनं करा. पुरा, न्हाईतर जाळा. माझं काय म्हननं न्हाई."

मी म्हणाले, "असं बोलू नका."

"बोलून ठिवलेलं बरं."

मी पाय चेपत राहिले. आणि कसं कोण जाणे, मला आणखी एक दिवसही ते आत ठेववेना. मी म्हणाले, "तुमाला येक सांगायचं हाय. आत्या त्या दिशी पुरा म्हणाल्या नव्हत्या. जाळा म्हणाल्या होत्या. मी खोटं बोलले."

ह्यांनी मान वळवली नाही. दम लागत होता, तो जाऊ दिला. मग म्हणाले, "ठावं हाय मला."

"कशावरनं?"

"मलाबी म्हनली होती. लावनीला निगालो तवा, सकाळी. भिवा, मला जाळ, म्हनली. गार लागतंया म्हनली."

माझे हात थांबले. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. तोंडावर काही नव्हतं. म्हातारपणी असतं तसं थकलेलं तोंड.

"मग तुमी बोलला का न्हाई?"

"त्या दोगांनी लाकडं वढायला घेतली," ते म्हणाले, "तवा मी त्या ढिगाकडंच बघत व्हतो. मलाबी त्येच दिसत व्हतं जे तुला दिसत व्हतं. काय बोलावं म्हनून मी बसलो व्हतो. तवर तू बोललीस. मग मला बोलायचं काय उरलं न्हाई."

"आन मी पोरीची शप्पथ घेतली, ती?"

"नगं म्हनलो की दादाला."

"येवढंच म्हणाला."

"व्हय," हे म्हणाले. "येवढंच म्हनलो."

तीस वर्षं आम्ही एका घरात होतो. पोर तापली की मी एकटीनं तिच्या उशाशी बसायची आणि हे पाठ करून निजलेले असायचे. मला वाटायचं, ह्यांना झोप लागलीय. खरंच झोप लागायची का, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं कदाचित.

"दादाला सांगायला पायजे व्हतं," हे थोड्या वेळानं म्हणाले. "तो गेला ते तसंच घिऊन गेला."

आतून मंजुळीनं चहा झाल्याची हाक मारली. मग पुन्हा मारली. शेवटी तीच दोन कप घेऊन बाहेर आली, आमच्या मधे ठेवले, आणि तिथंच उंबऱ्यावर बसली.